कापलं तरी फुटतं (गीता अध्याय १५, श्लोक १ ते ४)



क्रमाप्रमाणे आज पंधरावा अध्याय सुरू करतोय. पहिले चार श्लोक. ही पोस्ट खरं तर रविवारी यायची होती आणि आज गुरुवार उजाडला. तीन-चार जणांनी मेसेज करून विचारलं, बरा आहेस ना? बरा आहे. पोस्ट दोनदा लिहून पुसली, एवढंच. का पुसली ते पुढे येईलच.

पंधरावा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना अर्थ कळायच्या आधीच पाठ झालेला असतो. आमच्या वाईच्या घरी रात्री पानं वाढली की आई सुरू करायची. वीस श्लोक संपेपर्यंत हात लावायचा नाही. मी आणि दादा आमटीची वाफ बघत बसायचो. दादाला भूक जास्त, म्हणून तो सुसाट म्हणायचा, आणि मी प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणून आपल्यालाही येतं असं दाखवायचो. मुळं वर आणि फांद्या खाली असलेलं झाड ही गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. लहानपणी मला वाटायचं, कुणीतरी झाड उपटून उलटं टांगलंय.

तर गेल्या शनिवारी आम्ही तिघं एक जंगल बघायला गेलो होतो. केंब्रिजहून पूर्वेला गाडीने पाऊण-एक तासावर बरी सेंट एडमंड्स नावाचं गाव आहे, सफोक परगण्यात. त्याच्याजवळ ब्रॅडफील्ड वुड्स. बायकोने कुठेतरी वाचलं होतं की तिथे एप्रिलमध्ये रानफुलं बघण्यासारखी असतात, आणि 'प्राचीन वन' म्हटल्यावर लेकीने मनात एक चित्र करून ठेवलं होतं. ती पाच वर्षांची आहे. तिच्या चित्रात ढोली असलेली, दाढीवाली, चार माणसांनी हात धरले तरी मिठीत न मावणारी आजोबा-झाडं होती.

आत शिरलो आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, यातलं आजोबा झाड कुठलं?"

मलाही सापडेना. मधूनमधून काही ओक मोठे होते, पण बाकी सगळीकडे काठ्या. मनगटाएवढ्या, दंडाएवढ्या, जमिनीतून झुपक्याने वर आलेल्या सरळ काठ्या. एका भागात तर झाडं अक्षरशः गुडघ्याखाली कापून टाकलेली. पायाखाली चिकणमातीचा असा राडा, की भातलावणीच्या दिवसांत खाचरात उतरल्यासारखं वाटावं. लेक म्हणाली, "हे तर सगळं तोडून टाकलंय." मनात म्हटलं, पार्किंग शोधायला वीस मिनिटं घालवली ती यासाठी?

कापलेल्या भागाच्या कडेला एक वयस्कर गृहस्थ लाकडांची मोळी रचत होते. तिथले स्वयंसेवक. या वनाची देखभाल सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था करते. त्यांच्या हातात आपल्या कोयत्यासारखंच, टोकाला वाकलेलं हत्यार होतं. मी लेकीचा प्रश्न त्यांना सांगितला. ते हसले आणि आम्हाला एका ॲशच्या बुडख्यापाशी घेऊन गेले. बुडखा कसला, एक मोठं वेडंवाकडं कडं होतं ते. शेवाळलेलं, मध्ये पोकळ, आणि कडेने गोलाकार नव्या-जुन्या काठ्या फुटलेल्या. इथल्या सगळ्यात मोठ्या ॲशच्या बुडख्याचा व्यास साधारण साडेपाच मीटर आहे आणि त्याचं वय हजार वर्षांच्या घरात असावं असं अभ्यासक मानतात. त्याच्यावरची कुठलीही काठी मात्र वीस-पंचवीस वर्षांहून जुनी नसते, कारण तेवढ्या काळाने ती कापतातच.

इथल्या शेतकऱ्यांची ही फार जुनी पद्धत. हिवाळ्यात, पानं गळून झाड झोपलेलं असताना, ॲश आणि हेझेलची खोडं जमिनीलगत छाटायची. मुळं जिवंत असतात. वसंत आला की त्या बुडख्यातून एकाच्या जागी दहा धुमारे येतात, आणि बी पेरून आलेल्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात, कारण खाली आख्ख्या मोठ्या झाडाची मुळं तयार बसलेली असतात. त्या काठ्यांतून सरपण निघायचं, कुंपणं व्हायची, दाताळ्यांचे दांडे व्हायचे. दरवर्षी वनाचा एकच तुकडा छाटायचा, पुढच्या वर्षी दुसरा. फेरा पूर्ण होऊन पहिल्या तुकड्याची पाळी येईपर्यंत तिथे पुन्हा काठ्या तयार. न छाटलेला ॲश दोनेकशे वर्षांत म्हातारा होऊन पडतो. छाटत राहिलेला हजार वर्षं जगतो.

ब्रॅडफील्डमध्ये हे काम १२५२ सालापासून चालू असल्याची नोंद आहे. तेव्हा हे वन बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं, इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत मठांपैकी एक. १५३९ मध्ये राजाने तो मठ बंद केला. आज गावातल्या बागेत त्याचे दगडी अवशेष उभे आहेत, लोक त्यांना टेकून सँडविच खातात. दगडाचा मठ पडला आणि दर वीस वर्षांनी कापल्या जाणाऱ्या काठ्या राहिल्या, हे मला तिथे उभं राहून जरा विचित्रच वाटलं.

आणि १२५२ म्हटल्यावर आपल्या डोक्यात दुसरं गणित सुरू होणारच. ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. अडतीस वर्षांचं अंतर. माउली खांबाला टेकून याच पंधराव्या अध्यायावर बोलत होते, तेव्हा इथे मठाची माणसं याच बुडख्यांवर कुऱ्हाड चालवत असणार. त्यांना आळंदी ठाऊक नव्हती आणि आळंदीला बरी सेंट एडमंड्स ठाऊक नव्हतं. संबंध काहीच नाही, पण मला तो विचार सोडवेना.

आता श्लोकांकडे येऊ.

भगवंत म्हणतात, हा संसार म्हणजे एक अश्वत्थ आहे. मूळ वर, फांद्या खाली. आणि त्याच श्लोकात त्याला अव्यय म्हणतात, कधी न संपणारा. इथे मेख आहे. अश्वत्थ या शब्दाची फोड माउली अशी करतात की 'श्व' म्हणजे उद्या, आणि जो उद्यापर्यंत टिकत नाही तो अश्वत्थ. मग उद्यापर्यंत न टिकणारा न संपणारा कसा? कॉलेजात असताना मला हा सरळसरळ बग वाटायचा. एकाच ओळीत दोन उलट गोष्टी.

माउलींनी तो सोडवून ठेवलाय, आपण वाचत नाही एवढंच. ते समुद्राचं उदाहरण देतात. वरून ढग पाणी नेतात, बाजूने नद्या पाणी भरतात, आणि बघणाऱ्याला समुद्र तेवढाच दिसतो. भिंगरीचं उदाहरण देतात. ती इतक्या वेगाने फिरते की जमिनीला खिळल्यासारखी स्थिर दिसते. हे झाडही असंच, झडण्याच्या आणि फुटण्याच्या मध्ये फट दिसत नाही म्हणून लोक त्याला अव्यय म्हणतात.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळावं. मी ज्या सर्व्हिसवर काम करतो ती सहा वर्षं बंद पडलेली नाही असं आम्ही मीटिंगमध्ये अभिमानाने सांगतो. त्या सहा वर्षांत तिच्या खालचं एकूणएक मशीन बदललंय, कोडची जवळजवळ प्रत्येक ओळ बदललीय, पहिल्या टीममधलं कुणी उरलेलं नाही. चालू काय आहे मग? तेच त्या बुडख्याचं. हजार वर्षांचं झाड दाखवा म्हटलं तर बोट ठेवायला हजार वर्षांची एक काठी नाही. लेकीला मी हे समजावायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबा जमिनीखाली आहेत का?" मी हो म्हटलं. याहून बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या श्लोकात फांद्यांचं वर्णन आहे. तीन गुणांच्या पाण्यावर त्या पोसतात आणि विषय हे त्यांचे कोवळे कोंब. विषय म्हणजे डोळ्यांना हवं ते, कानांना हवं ते, जिभेला हवं ते. पाठ म्हणताना मी या शब्दावरून शेकडो वेळा घसरत गेलोय. त्या दिवशी तिथे कापलेल्या बुडख्याभोवती बोटभर उंचीचे, लालसर-हिरवे कोंब बघितले आणि तो शब्द पहिल्यांदा अडला. त्याच श्लोकात पुढे असंही आहे की काही मुळं खालीही पसरलेली आहेत, माणसांच्या जगात, कर्माला बांधून ठेवणारी. म्हणजे मुख्य मूळ वर आणि उपमुळं इथे खाली, आपल्या पायाशी.

आणि मग तिसरा श्लोक. या घट्ट रुजलेल्या झाडाला असंगाच्या बळकट शस्त्राने छेदून टाक.

(एक आडवळण. दर वेळी कुणीतरी विचारतं की आपण शनिवारी पिंपळाला प्रदक्षिणा घालतो, आळंदीला सोन्याच्या पिंपळापुढे हात जोडतो, दहाव्या अध्यायात तर भगवंत स्वतः म्हणतात की झाडांमध्ये मी अश्वत्थ आहे, मग इथे तोडायला कसं सांगतात? दहाव्यात विभूती सांगताहेत, पंधराव्यात रूपक. पारावरच्या पिंपळाला कुणी हात लावू नका, कृपा करून.)

तर हा तिसरा श्लोक. इथेच मी दोनदा पोस्ट पुसली.

पहिल्या खर्ड्यात मी काय लिहिलं होतं सांगतो. लिहिलं होतं की ब्रॅडफील्डची झाडं आपल्याला शिकवतात, आयुष्याने कितीही छाटलं तरी मुळं शाबूत असतील तर तुम्ही दहापट जोमाने उभे राहाल. वाचायला छान होतं. फोटोवर टाकून शेअर करण्यासारखं. मग गीता उघडून पुन्हा बघितलं, आणि ध्यानात आलं की श्लोक याच्या नेमका उलटा आहे. कापल्यावर दहापट फुटतं, हीच तर भगवंतांनी दाखवलेली अडचण आहे. आपण मात्र तिच्याच पताका लावतो.

दुसरा खर्डा याहून वाईट होता. त्यात मी असंगावर प्रवचन दिलं होतं आणि स्वतःचा दाखला दिला होता. तो दाखला जुन्या वाचकांना आठवत असेल. चार वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर वाईच्या घरावरून माझं आणि दादाचं वाजलं. काय झालं त्याचे तपशील इथे नकोत, त्यात दादाची बाजू मांडायला दादा नाही. दिवसकार्य आटोपल्यावर मी परतीच्या विमानाच्या तीन दिवस आधी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. घरातला माझा वाटा सोडला. दादा म्हणत होता, घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, मला काही नको, माझं नाव काढून टाक. आणि इकडे येऊन आठवड्याभरात याच ब्लॉगवर त्यागाबद्दल एक पोस्ट लिहिली. खाली साठ-सत्तर प्रतिक्रिया आल्या. एका ताईंनी लिहिलं होतं की इतक्या लहान वयात इतकं वैराग्य पाहून डोळे भरून आले.

मंडळी, ते वैराग्य नव्हतं. दादाला छोटं करायला मी ती सही केली होती. त्याला घर मिळेल पण माझ्यासमोर मान वर करता येणार नाही, असा तो हिशेब होता. तेव्हा मलाही तो इतका स्पष्ट दिसला नव्हता, हे खरं. पण नंतर काय झालं ते मला दिसत होतं, आणि तरी मी बोललो नाही. नाव कापलं आणि फुटवे सुरू झाले. घर माझं असताना मी वर्षातून एकदा त्याचा विचार करायचो. सोडल्यावर मी सॅटेलाइट नकाशावर ते घर बघायला लागलो. मागची पडवी पाडली की काय, पुढे पत्रा कसला टाकलाय. आंघोळ करताना दादाशी भांडणं, त्यातही दोन्ही बाजूंचे संवाद मीच म्हणायचे. दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा फॉरवर्ड आला की, साधा फॉरवर्डच पाठवला, आतून काही नाही, असा हिशेब लिहून ठेवायचा. मी फोन केला नाही. त्याने दोनदा केला, मी मीटिंगमध्ये होतो, मग परत केला नाही. जपमाळ चालू, रोजचं चिंतन चालू, ब्लॉग चालू.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे पाहिलं असेल. एखादी प्रोसेस त्रास देते म्हणून तुम्ही ती मारता. दोन सेकंदांत ती पुन्हा उभी, नव्या नंबराने. कारण वर एक सुपरवायझर बसलाय, आणि ती पडली की उचलून उभी करायची हेच त्याचं काम. तुम्ही रात्रभर मारत बसा. चार वर्षं मी तेच करत होतो आणि त्याला असंग म्हणत होतो. मी बुडख्याच्या वर कापत होतो, जिथे कापलं की जोमाने फुटतं तिथेच.

त्या स्वयंसेवक आजोबांनी जाताजाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. मूळ वन याहून बरंच मोठं होतं. १९६० च्या दशकात त्याचा मोठा भाग शेतीसाठी मोकळा केला गेला. यंत्रं लावून बुडखे मुळासकट उपटले. उरलेला तुकडा लोकांनी धडपड करून वाचवला. ते म्हणाले, सातशे वर्षं कुऱ्हाड चालली तर वनाला काही झालं नाही, आणि मुळं निघाल्यावर ते परत आलं नाही. त्यांना त्याचं दुःख होतं, आणि ते रास्तच आहे. हजार वर्षांची जमीन, तिथली फुलं, किडे, बुरशी, सगळं गेलं. मी मान हलवत होतो, पण माझ्या डोक्यात तिसरा श्लोक फिरायला लागला होता. घट्ट रुजलेलं मूळ, हा शब्द तिथे उगीच नाहीये.

मग प्रश्न येतो की ते यंत्र आणायचं कुठून? माझं मूळ कुठे आहे तेच मला धड सापडत नाही. 'माझ्यावर अन्याय झाला' असं म्हणणारा जो कुणी आत बसलाय तो मूळ असावा, पण त्याला उपटायला गेलो की उपटणाराही तोच निघतो.

इथे माउलींनी फार गंमत केलीय. आपण कुऱ्हाड शोधत असताना ते विचारतात की अरे, झाडच खोटं, तर उपटायला एवढा जोर कशाला? आणि पुढे जे विचारतात त्यावर मी रविवारी रात्री पुस्तक मिटून बसून राहिलो. शब्द माझे, पण आशय असा, की लहान पोराला भिववणारा बागुलबुवा घालवायचा तर त्याला काय दुसऱ्या देशात हाकलून द्यावं लागतं? दुसऱ्या देशात. मी साडेचार तासांच्या अंतरावर येऊन बसलो होतो, घड्याळाच्या. दादा तिकडे, मी इकडे, मध्ये समुद्र, आणि बागुलबुवा बॅगेतून सोबत आलेला. माउली म्हणतात, हे झाड अज्ञानावर उभं आहे, तेव्हा ज्ञानाशिवाय दुसरं कुठलंही शस्त्र त्यावर चालवाल तर उलट गुंताल. हक्कसोडपत्राचा कागद हे दुसरं शस्त्र होतं. मौन हेही. व्हॉट्सअॅपवर म्यूट करणं हेही.

यावर तुम्ही म्हणाल, मग नातं जोडणं म्हणजे पुन्हा आसक्तीच ना? संग सोडा म्हणताहेत आणि तू भावाला फोन लावायच्या गोष्टी करतोयस? हा प्रश्न मी स्वतःला तीन दिवस विचारला. मला जे दिसतं ते सांगतो, चुकत असेन तर जाणत्यांनी दुरुस्त करा. असंग म्हणजे माणसांपासून लांब जाणं असतं, तर अर्जुनाला आधी रथ वळवायला सांगितलं असतं. त्याला समोर काका, आजोबा, गुरू उभे असताना तिथेच उभं केलंय. दादापासून मी लांब होतो आणि रागाला चिकटलेला होतो. सोडायचा होता तो राग, आणि सोडला होता दादा.

चौथा श्लोक मी लहानपणापासून तिसऱ्याच्या शेपटीसारखा म्हणत आलो. पण वाक्य तिसऱ्यात संपतच नाही. छेदून झाल्यावर पुढे ते पद शोधायचं आहे, जिथे गेलेले परत येत नाहीत, आणि त्या आद्य पुरुषाला शरण जायचं आहे. कापणं ही नुसती सुरुवात. आपण कापून, हात झटकून, फोटो काढून निघतो.

वनात कापलेल्या भागातच फुलं होती, हे सांगायचं राहिलं. दाट भागात जमिनीवर अंधार आणि कुजलेली पानं. वर्षा-दोन वर्षांपूर्वी छाटलेल्या तुकड्यात मात्र ऊन थेट जमिनीवर उतरलं होतं आणि फिकट पिवळ्या ऑक्सलिपचा नुसता सडा. हे फूल इंग्लंडमध्ये याच पूर्वेकडच्या मोजक्या जुन्या वनांत सापडतं. पण तिथे भोवती उंच कुंपण घातलेलं होतं. हरणं येतात आणि कोवळे कोंब खाऊन टाकतात म्हणून. आजोबा म्हणाले, कापायला एक हिवाळा लागतो, खरी राखण पुढची काही वर्षं. त्यांची राखण कोंब जगवायला, आपली कोंब येऊ न द्यायला. पण राखण दोन्हीकडे आहे.

आणि तो मोठा ॲशचा बुडखाही कायमचा नाही. युरोपातून आलेल्या एका बुरशीने इथले ॲश मरताहेत. २०१२ मध्ये हा रोग ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळला, आणि रानात तो दिसला तो याच पूर्व भागात. काही काठ्यांची टोकं वाळलेली आम्हीही पाहिली. हजार वर्षं कुऱ्हाड सोसलेलं झाड डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीने जाईल कदाचित. 'उद्यापर्यंत टिकत नाही' ही माउलींची फोड मला तिथे अंगावर आली. आई पंचाहत्तरीची तयारी करत होती. दादा आता एकावन्नचा आहे, बीपीची गोळी घेतो. मी 'योग्य वेळी बोलू' म्हणत होतो तो कुठल्या उद्याच्या भरवशावर?

मंगळवारी सकाळी आठला फोन लावला. वाईत साडेबारा, जेवायची वेळ. वहिनींनी उचलला. माझा आवाज ऐकून दोन सेकंद काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "भाऊजी, थांबा हं, देते." मागून भांड्यांचा आवाज. मी मनात तयार करून ठेवलं होतं की आधी सहीबद्दल बोलायचं, ती कशासाठी केली ते कबूल करायचं.

दादा म्हणाला, "जेवलास का?"

"अरे, इथे सकाळ आहे."

"हां, हो की. बोल."

मी बोललो. अडखळत, उलटंसुलटं, पण बोललो. त्याने मध्ये एकदाही टोकलं नाही. झाल्यावर म्हणाला, "मला कळलं होतं ते तेव्हाच. तुझं अक्षर एवढं दाबून कधी येत नाही." बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एकदम त्याने विषय बदलला, अगदी बाबांसारखा. "न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत पिंपळ आलाय. आठवतो ना, आई असताना पण यायचा? दर पावसाळ्याआधी मी कोयत्याने छाटतो. दर वर्षी आणखी जाड होऊन येतो. आता मनगटाएवढा झालाय, भिंतीला फट गेलीय. गवंडी म्हणतो मूळ आत आहे, भिंत उतरवल्याशिवाय निघणार नाही. हिला पिंपळ तोडायचा म्हटलं की भीती वाटते. काढून नदीकाठी लावू म्हणते. तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "दादा, मी काय म्हणणार, माझा तर वाटाच..."

"वाट्याचं कोण विचारतंय? भिंतीचं विचारतोय."

मग आम्ही वीस मिनिटं त्या भिंतीबद्दल बोललो. दगड कुठले, चुना कुठला, गवंडी किती मागतोय. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लेकीला सुट्टी आहे, तिकिटं बघतोय. तोवर छाटू नकोस म्हणून सांगितलंय. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. भिंतीच्या फटीतून लालसर कोवळी पानं बाहेर आली आहेत, आणि खाली आईची जुनी बादली.

उद्या पाचवा श्लोक.

राम कृष्ण हरी.